फुगा-काठीच्या तराजूत हवा मोजली जात नाही, मग हवेचं वजन करायचं कसं?

वातकुक्कुट

विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम तोंडावर आलाय. यंदाही 'हवेला वजन असते' या तक्त्याखाली एक काठी आणि दोन फुगे टांगलेले दिसणार. काठीच्या मध्यावर दोरा, दोन टोकांना फुगवलेले फुगे, समतोल साधायचा आणि एक फुगा टाचणीने फोडायचा. उरलेला फुगा खाली जातो, टाळ्या पडतात, परीक्षक पुढच्या टेबलाकडे सरकतात. हवेला वजन आहे हे खरंच, पण या प्रयोगातून ते सिद्ध होत नाही. झालंच तर फार लंगडं होतं.

फुगा हवेत बुडालेला असतो, इथेच सगळी मेख आहे. पुण्यात २७ अंश सेल्सिअस तापमानाला आणि ९५० हेक्टोपास्कल दाबाला एक घनमीटर कोरडी हवा १.१० किलो भरते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोल फुग्यात १४ लिटर, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅम हवा मावते. पण त्या फुग्याने बाहेरची तेवढीच हवा बाजूला सारलेली असते आणि त्या साडेपंधरा ग्रॅमइतकंच प्लावक बल त्याला वर ढकलत असतं. काट्याला कळते ती फक्त रबराच्या ताणामुळे आत जास्तीची दाबली गेलेली हवा. साध्या फुग्यात हा जादा दाब २० ते ३० हेक्टोपास्कल असतो, म्हणजे अडीच-तीन टक्के. हाती लागले ०.४ ग्रॅम.

त्यात फुगा तोंडाने फुगवला असेल तर आणखी घोळ. उच्छ्वास ३४ अंशांच्या आसपास आणि बाष्पाने संपृक्त असतो. खोलीच्या २७ अंशांवर आला की १४ लिटरमागे जवळजवळ ०.१८ ग्रॅम पाणी फुग्याच्या आतल्या भिंतीवर धरतं. शिवाय त्यात चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, त्याचा थोडा भार वेगळाच. म्हणजे काठी कलते त्यात दाबलेल्या हवेइतकाच वाटा ओलाव्याचा आणि कार्बन डायऑक्साइडचा असू शकतो. फुटलेल्या फुग्याची चिंधी उडून गेली तर उरलेलं श्रेय तिला.

पडताळा घ्यायचा तर झिपवाली प्लॅस्टिकची पिशवी घ्या. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर आधी सपाट ठेवून वजन करा, मग तोंड उघडून हलवून हवा भरा, झिप लावा आणि परत वजन करा. पिशवी ताणलेली नसेल तर आकडा तोच येतो. एक लिटर हवा आत आली, तरी काट्याला पत्ता नाही.

यातून सुटायचे मार्ग दोन. ज्याचं आकारमान बदलत नाही अशा भांड्यात हवा दाबून भरायची, नाहीतर तशाच भांड्यातली हवा काढून टाकायची. शाळेसाठी पहिला सोपा. कोल्ड्रिंकची २ लिटरची बाटली, झाकणात ट्यूबचा व्हॉल्व्ह, सायकलचा उभा पंप आणि पॉकेट काटा (२०० ग्रॅम क्षमता, ०.०१ ग्रॅम अचूकता). बाटली, झाकण, व्हॉल्व्ह मिळून ७० ग्रॅमच्या आसपास होतात, त्यामुळे हा काटा चालतो. ४० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे चौरस इंचावर पौंड, टायरचा दाब मोजतात तेच एकक) भरली की वजन साडेसहा ग्रॅमच्या वर वाढतं. फुग्याच्या सोळापट आणि कोणाच्याही डोळ्यांना दिसेल असं.

झाकण आणि व्हॉल्व्हच्या जोडणीबद्दल जाणकारांनी लिहावं. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

नटबोल्ट

मोटरसायकलच्या टाकाऊ ट्यूबचा व्हॉल्व्ह घ्या. पंक्चरवाला फुकट देतो. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व्ह घेऊ नका. तो रिमच्या जाड पत्र्यासाठी बनवलेला असतो, झाकणाचं प्लॅस्टिक पातळ, त्यामुळे खाचेत नीट बसत नाही आणि वीस पीएसआयच्या पुढे फुसफुसायला लागतो.

ट्यूबवरून व्हॉल्व्ह कापताना बुडाभोवतीचं रबर ठेवा. झाकण उलटं धरून त्याच्या आतल्या गोलापेक्षा किंचित लहान अशी चकती कापा. हे रबरच आतलं वॉशर. झाकणाला मधोमध भोक पाडा. दांडा साधारण ८ मि.मी.चा असतो, पण आधी ६ चं ड्रिल मारून कानशीने वाढवत न्या. एकदम ८ चं मारलं की झाकण फाटतं किंवा भोक अंड्यासारखं होतं. दांडा आतून बाहेर काढा, बाहेरून सपाट वॉशर आणि नट. नट हाताने घट्ट, मग पान्याने पाव आटा. जास्त आवळलं की झाकण मध्ये उचललं जातं आणि बाटलीच्या तोंडावरचं सील सुटतं. गळती व्हॉल्व्हशी नसून तिथेच असते, लोक मात्र व्हॉल्व्हवर एम-सील थापत बसतात.

गळती बघायला झाकणाकडचा भाग बादलीत बुडवा. एक बुडबुडा मिनिटाभराने येत असेल तरी चालेल. ओळ लागली तर उघडून परत बसवा. वजन करण्यापूर्वी बाटली आणि आटे कोरडे पुसा, आट्यात अडकलेला पाण्याचा एक थेंब ०.०५ ग्रॅम खातो.

आता कडक सूचना. बाटली सोड्याचीच हवी, तळाला पाच पाकळ्या असलेली. बंद सोड्याची बाटली उन्हात तापली की आत तीन-चार बार (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाइतका दाब) दाब सहज होतो आणि तेवढं सोसायलाच ती बनवलेली असते. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली अजिबात नको. काचेची तर मनातही आणू नका. चुरगळून पांढरी रेघ पडलेली बाटली बाद. पंप मारताना बाटली गोणपाटात गुंडाळून बादलीत ठेवायची, डोळ्यांना गॉगल, आणि ४० पीएसआयला थांबायचं. 'अजून थोडी मारून बघू' ही प्रदर्शनाची गोष्ट नव्हे.

मैदानी

एवढा खटाटोप कशाला? ५ नंबरचा फुटबॉल घ्या. व्हॉल्व्ह आधीच आहे, सुई शाळेच्या क्रीडा विभागात मिळते.

घेर ६९ सेंटिमीटर धरला तर आतलं आकारमान ५.३ लिटर. नियमाप्रमाणे दाब ०.६ ते १.१ वातावरण चालतो. फक्त शून्यापासून सुरू करू नका. मऊ चेंडूला खळगा पडतो, भरताना तो बाहेर येतो, म्हणजे आकारमान बदललं आणि फुग्याचंच दुखणं परत. आधी ०.३ बार भरा, चेंडू पूर्ण गोल झाला की वजन करा, मग ०.९ बारपर्यंत न्या. ०.६ बार वाढीला पुण्यात ३.७ ग्रॅमची भर दिसते.

अडचण इतकीच की चेंडू चारशे-साडेचारशे ग्रॅमचा, त्यामुळे ५०० ग्रॅम क्षमतेचा ०.१ ग्रॅमवाला काटा लागतो. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमवाला चालत नाही. तो ३ नाहीतर ४ म्हणेल आणि दोन्ही वेळा खरंच बोलत असेल.

रसायनी

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

बाटलीच्या पद्धतीत पंपाच्या गेजवर विसंबू नये असं माझं मत. स्वस्त गेज दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे असतं, म्हणजे चाळिसात पाच-सात टक्के चूक. त्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या हवेचं आकारमानच मोजावं, गेजची गरजच संपते. ही युक्ती जुनी आहे. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हेच वर्णन केलं आहे: काचेच्या भांड्यात पिचकारीने हवा कोंबायची, वजन करायचं, मग जादा हवा पाण्यावर सोडून तिने किती पाणी सारलं ते मोजायचं. त्याला पाणी हवेपेक्षा चारशे पट जड असं उत्तर मिळालं. खरं गुणोत्तर आठशेच्या वर आहे. हवा अशा साधनांनी तोलता येते हे दाखवलं, एवढ्यासाठीच त्याला पैकीच्या पैकी.

कृती:

पंपाची जुनी नळी घ्यायची, जिचं टोक व्हॉल्व्हवर आट्याने बसतं आणि बसतानाच आतली पिन दाबतं. दुसरं टोक कापून त्यावर मऊ नळी चढवायची आणि चिमटा लावायचा. एक टब पाणी भरून ठेवायचा. हे पाणी आदल्या दिवशीच खोलीत ठेवलेलं असावं, नाहीतर नळाच्या थंड पाण्याने गोळा होणारी हवा थंड होऊन आकसते. एक लिटरची खूण असलेली बाटली पाण्याने काठोकाठ भरून टबात उलटी धरायची.

भरलेली बाटली तोलायची, नळी जोडायची, चिमटा हळू सैल करत हवा उलट्या बाटलीत सोडायची. खुणेजवळ आली की चिमटा बंद. आता महत्त्वाचं. बाटली वरखाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करायची आणि तेव्हाच खूण वाचायची. आतली पातळी १० सेंटिमीटर वर राहिली तर आतला दाब जवळजवळ १० हेक्टोपास्कल कमी असतो आणि एक टक्का चूक तिथेच होते. असे पाच लिटर काढायचे, नळी सोडायची, बाटली परत तोलायची.

इथे खूप जण घटलेलं वजन भागिले पाच लिटर करून मोकळे होतात. पण पाण्यावर गोळा केलेली हवा बाष्पाने संपृक्त झालेली असते. २७ अंशांना संपृक्त बाष्पदाब ३५.७ हेक्टोपास्कल. वातावरणाचा दाब ९५० असेल तर कोरड्या हवेच्या वाट्याला ९१४.३ उरतात. म्हणजे पाच लिटरपैकी बाटलीतून आलेली हवा ५ × ९१४.३ ÷ ९५० = ४.८१ लिटर, बाकीचं टबातलं पाणी. वजन ५.३ ग्रॅमने घटलं असेल तर ५.३ ÷ ४.८१ = १.१० ग्रॅम प्रतिलिटर. दुरुस्ती न करता १.०६ आलं असतं. चार टक्क्यांचा फरक निव्वळ टबातल्या पाण्यामुळे.

वातकुक्कुट

रसायनीताई, एक भर घालतो. पंप मारल्यावर दाब वाचायचा असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबावं. दाबताना हवा तापते, निवताना काटा दोन-तीन पीएसआयने उतरतो आणि मुलं 'गळतंय, गळतंय' म्हणून नट आवळायला धावतात.

आणखी एक, हवा झटकन सोडली तर बाटलीत धुकं दिसतं. पावसाळी हवा चौपट दाबली की तिच्यातलं बाष्प संपृक्ततेच्या पुढे जातं आणि भिंतीवर दवासारखं धरतं. मग दाब सुटताच हवा प्रसरण पावून थंड होते आणि राहिलेल्या बाष्पाचा ढग बनतो. प्रदर्शनात हे फुकटात मिळणारं दृश्य आहे, मागे काळा कागद लावा. मात्र मोजणीसाठी हवा सावकाशच सोडायची. त्या दवाचं पाणी बाटलीतच राहतं आणि दोन्ही वजनांत धरलं जातं, म्हणून त्रास देत नाही.

गणपुले_बिनतारी

मी गेजवाल्या रीतीने आकडे मांडून बघितले. बाटलीचं आकारमान २.१ लिटर, दाब ४० पीएसआय, म्हणजे २७६ किलोपास्कल, तापमान ३०० केल्विन. वस्तुमान = आकारमान × दाब ÷ (२८७ × तापमान) या सूत्राने (२८७ हा कोरड्या हवेचा वायू स्थिरांक) ६.७ ग्रॅम. इथवर ठीक. पण हाच हिशोब बाहेरच्या हवेसाठी केला तर पुण्याची घनता १.१७ येते, वर १.१० म्हटलंय. दाब मोबाइलच्या हवामान ॲपमधून घेतला, १०१० हेक्टोपास्कल.

वातकुक्कुट

तुमचं गणित बरोबर आहे, दाब पुण्याचा नाही. ॲप आणि वर्तमानपत्रं जो दाब देतात तो समुद्रसपाटीला आणलेला असतो. सगळ्या गावांचे दाब एका नकाशावर मांडून समदाब रेषा काढायच्या, तर उंचीचा परिणाम वजा करावाच लागतो, नाहीतर महाबळेश्वरावर कायमचं वादळ दिसेल. पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे प्रत्यक्ष दाब ९५० च्या आसपास असतो. १०१० घेतलात तर सहा टक्के चूक.

फोनमध्ये दाबमापक चिप असेल तर तिचा कच्चा आकडा दाखवणारं ॲप वापरा. नसेल तर ॲपच्या आकड्यातून दर १०० मीटरला साधारण ११ हेक्टोपास्कल वजा करा. पुण्याच्या उंचीपर्यंत हे चालतं. महाबळेश्वरला (१३५० मीटर) दर शंभर मीटरची घट थोडी कमी धरावी लागते, कारण वर हवा विरळ होत जाते.

गेजचा दाब सूत्रात घालताना वातावरणाचा दाब त्यात मिळवायचाही नाही आणि वजाही करायचा नाही. आपल्याला भर घातलेली हवा हवी आहे आणि गेज नेमकी तेवढीच दाखवतो. उत्तरपत्रिकेत वातावरणाच्या दाबाचे म्हणून १४.७ पीएसआय कुठून तरी वजा झालेले दिसतात, पुण्यात तर ते १४.७ पण नाहीत, १३.८ आहेत.

कोकणी_वारा

मुंबई-रत्नागिरीकडे हवा जास्त जड असणार ना? उंची शून्य, त्यात दमट. मे महिन्यात अंगावर येते अक्षरशः.

रसायनी

उंचीचं बरोबर, दमटपणाचं उलट. पाण्याच्या रेणूचं वस्तुमान १८, कोरड्या हवेचं सरासरी २९ (७८ टक्के नायट्रोजन २८, २१ टक्के ऑक्सिजन ३२, आणि एक टक्क्याच्या आत आरगॉन ४०). एकाच दाबाला आणि तापमानाला ठरावीक जागेत रेणूंची संख्या तेवढीच राहते. पाण्याचा रेणू आला की एक जड रेणू बाहेर गेलेला असतो. म्हणून दमट हवा हलकी.

मुंबईची मेमधली दुपार घेऊ: ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के, दाब १००६. संपृक्त बाष्पदाब ५०.३, त्याचे ७० टक्के ३५.२. कोरडा भाग (१००६ − ३५.२) × १०० ÷ (२८७ × ३०६) = १.१०५. बाष्पाचा भाग (बाष्पाचा वायू स्थिरांक ४६१.५) ३५२० ÷ (४६१.५ × ३०६) = ०.०२५. बेरीज १.१३ किलो प्रतिघनमीटर. तेवढ्याच तापमानाची पूर्ण कोरडी हवा १.१४५ भरली असती.

आता पुण्याची डिसेंबरातली पहाट: १२ अंश, ७० टक्के, ९५२ हेक्टोपास्कल. उत्तर १.१६. म्हणजे ५६० मीटर वर असूनही पुण्याची थंडीतली हवा मुंबईच्या उन्हाळ्यातल्या हवेपेक्षा जड. तेच पुणे मेमध्ये ३९ अंश, २० टक्के आर्द्रतेला १.०५ वर येतं. घनतेच्या बाबतीत आधी तापमान आणि उंची, ओलावा तिसऱ्या नंबरवर, एक-दीड टक्क्यापुरता.

हवा 'अंगावर येते' ती घाम वाळत नाही म्हणून. त्याचा वजनाशी संबंध नाही.

कोकणी_वारा

पटलं. पण घरात आर्द्रता मोजायची कशी? बाजारातले डिजिटल डबे शेजारी शेजारी ठेवले तर एक ६२ म्हणतो, दुसरा ७१.

रसायनी

एकसारखे दोन थर्मामीटर घ्या, ०.५ अंशाच्या खुणांचे. एकाच्या फुग्यावर धुतलेल्या सुती कापडाची वात (नव्या कापडाची खळ पाणी चढू देत नाही), तिचं टोक शुद्ध पाण्याच्या वाटीत. समोर टेबल फॅन जोरात लावा. वारा सेकंदाला तीन मीटर तरी हवा, कमी असेल तर ओला थर्मामीटर पुरेसा खाली जात नाही आणि आर्द्रता जास्त दिसते. पाच मिनिटांनी दोन्ही वाचा.

कोरडा ३२, ओला २४ आला आणि दाब ९५० असेल तर: २४ अंशांचा संपृक्त बाष्पदाब २९.८. त्यातून ०.०००६६ × ९५० × ८ = ५.० वजा (०.०००६६ हा ठरलेला गुणांक, ८ हा दोन थर्मामीटरमधला फरक). उरले २४.८. ३२ अंशांचा संपृक्त बाष्पदाब ४७.६, भागाकार ५२ टक्के. वाटीत बोअरचं पाणी घातलं तर आठवडाभरात वातीवर क्षार धरतात आणि वाचन बिघडतं. वात बदलत राहा.

तराजू_मापे

हवा काढून टाकण्याची पद्धत कोणी लिहिली नाही, मी लिहितो. प्रयोगशाळेत गोल बुडाचा ५०० मि.ली. जाड काचेचा चंबू, एका भोकाचं रबरी बूच, त्यात छोटी काचनळी, तिच्यावर जाड भिंतीची रबरी नळी आणि चिमटा. चंबूत ३०-४० मि.ली. पाणी घालून चिमटा उघडा ठेवून चांगलं उकळवा. चार-पाच मिनिटं वाफ जोरात बाहेर पडली की आतली हवा गेली. आधी ज्योत बंद, लगेच चिमटा बंद, याच क्रमाने. उलटा क्रम झाला तर बूच छताला. पूर्ण थंड झाल्यावर बाहेरून कोरडा करून तोला, चिमटा उघडा, सूं आवाज करत हवा आत जाईल, परत तोला. आत फक्त ३५.७ हेक्टोपास्कल बाष्प होतं आणि पाण्याने साधारण ३५ मि.ली. जागा अडवलेली होती, म्हणून पुण्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वाढ दिसायला हवी.

सपाट बुडाचा चंबू यात आतल्या बाजूला फुटतो. चरा गेलेला गोल चंबूही नको. हा प्रयोग शिक्षकांनी, जाळीमागे आणि गॉगल लावून करायचा. पाचवी-सहावीच्या मुलांच्या टेबलावर बाटलीच बरी.

आणि धागा वजनाचा आहे म्हणून: 'एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड' या कोड्याचं उत्तर 'दोन्ही सारखे' असं शिकवतात. काट्यावर तोललेला एक किलो असेल तर ते बरोबर नाही. काटे ८००० किलो प्रतिघनमीटर घनतेच्या पोलादी वजनांवर लावलेले असतात. कापसाच्या तंतूची घनता १५४० च्या आसपास, म्हणून तो जास्त हवा सारतो आणि त्याला हवा जास्त उचलते. काट्याने १ किलो म्हटलं तर कापूस प्रत्यक्षात सुमारे ०.६ ग्रॅम जास्त असतो. पाण्याला हाच फरक किलोमागे एक ग्रॅम. सोनं उलट्या बाजूला: घनता १९३००, त्यामुळे १०० ग्रॅम शुद्ध सोनं काट्यावर सुमारे ८ मिलिग्रॅम जास्त दिसतं. सराफाच्या काट्याची शेवटची खूण १ किंवा १० मिलिग्रॅमची असते, तेव्हा हा फरक अगदीच हवेत नाही.

मैदानी

म्हणजे सराफ हवा पण विकतो!

तराजू_मापे

विकतो आणि परत घेताना तेवढ्याच भावाने मोजतो. काटा तोच, हवा तीच, हिशोब मिटला.

नटबोल्ट

अवांतर, पण घनतेचंच. गॅस डिटेक्टर कुठे लावायचा हे फिटर लोकसुद्धा चुकतात. सिलिंडरचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन, रेणू ४४ आणि ५८ चे, हवेच्या दीड ते दुप्पट जड. गळला की फरशीवर पसरतो, ओट्याखाली आणि मोरीच्या पाइपात साचतो. डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर. पाइपने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, रेणू १६ चा, हवेपेक्षा हलका, छताकडे जातो. तिथे डिटेक्टर छताखाली फूटभर. सिलिंडर काढून पाइपलाइन घेतली की डिटेक्टर खालीच राहून जातो आणि मग वर साचणारा गॅस त्याला फार उशिरा कळतो. जागा बदला आणि तो मिथेनसाठी चालतो का हे त्यावरच्या लेबलवर बघा. खिडकीसाठीही तेच: सिलिंडर असेल तर खालची झडप उघडी हवी, पाइपचा गॅस असेल तर वरची जाळी.

गणपुले_बिनतारी

मूळ विषयाकडे. पॉकेट काट्याचा भरवसा कसा धरायचा? सोबत आलेलं १०० ग्रॅमचं वजन खरं आहे हे कशावरून? आणि बाटली त्या एवढ्याशा थाळीवर ठेवली की आकडा नाचतो.

तराजू_मापे

नाचण्याची कारणं ठरलेली. पंखा आणि एसी बंद. बाटली आडवी ठेवू नका, काट्याच्या झाकणाला टेकते. थाळीवर कागदाच्या पुठ्ठ्याचं कडं ठेवून 'टेअर' करा (म्हणजे कड्यासकट आकडा शून्यावर आणा) आणि त्यात बाटली उभी करा. पंप मारून आलेली बाटली कोमट असते, तिच्याभोवती हवा वर चढते आणि वजन थोडं कमी दिसतं, म्हणून दोन्ही वेळा खोलीच्या तापमानालाच तोला. हाताचा घाम लागू नये म्हणून मानेला कागदाने धरा. सुरू केल्यावर काटा पाच मिनिटं तसाच राहू द्या, आणि प्रत्येक वजनानंतर थाळी रिकामी करून शून्य परत येतं का बघा.

बाटली फुगते का, तेही तपासा. पोटाभोवती शिंप्याच्या टेपने घेर घ्या. भरण्याआधी ३४.५ आणि नंतर ३४.८ सेंटिमीटर आला तर आकारमान जवळजवळ ३७ मि.ली. वाढलं आणि ०.०४ ग्रॅम प्लावक बलात गेले. साडेसहात ते फार नाही, पण ०.०१ च्या काट्यावर आकडे लिहिणार असाल तर उत्तरात मिळवा.

बाटलीचं आकारमान लेबलवरून घेऊ नका. स्वयंपाकघरातल्या ५ किलोच्या काट्यावर आधी रिकामी, मग पाण्याने काठोकाठ भरून तोला. २७ अंशांना एक ग्रॅम पाणी म्हणजे १.००३५ मि.ली., इतकं बारीक नको असेल तर ग्रॅम तेच मि.ली. धरा. २ लिटरची बाटली २०७० ते २१०० भरते.

सोबतच्या वजनाबद्दल: आपल्याला ७० ग्रॅमच्या वर ५-६ ग्रॅमची वाढ मोजायची आहे, तेवढाच पट्टा तपासला तरी पुरे. २०११ च्या मालिकेतलं पाच रुपयांचं नवंकोरं नाणं ६.०० ग्रॅमचं. २०१९ च्या मालिकेचं वजन वेगळं आहे, सरमिसळ करू नका. रिकामी बाटली थाळीवर ठेवा, आकडा लिहा, बाटलीच्या झाकणाशेजारी नाणं ठेवा, फरक बघा. ५.९८ ते ६.०२ आला तर काटा या कामाला चालेल. ६.१ आला तर सगळ्या फरकांना त्याच प्रमाणात कात्री लावा, ५.९ आला तर तेवढी वाढ द्या. नाणं एकदा थाळीच्या मध्यावर आणि एकदा कडेला ठेवून बघा. दोन्हीकडे आकडा वेगळा येत असेल तर काटा परत करा.